दारावरची बेल, कुत्रा आणि खाऊचं यंत्र

शहरातल्या फ्लॅटची बेल दिवसातून किती वेळा वाजते, हे घरात कुत्रा येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी दूध, मग कचरा, मग कामाच्या मावशी, इस्त्रीचे कपडे, कुरिअर, गॅसचा सिलिंडर, रात्री जेवण घेऊन आलेला मुलगा. प्रत्येक बेलला कुत्रा भुंकत दाराकडे झेपावतो. घरातलं कुणीतरी ‘गप्प बस, मागे हो’ असं ओरडत त्याच्यामागे धावतं, एका हाताने त्याचा पट्टा आणि दुसऱ्या हाताने कडी सांभाळत दार किलकिलं करतं, आणि बाहेरचा माणूस दोन पायऱ्या खाली सरकून विचारतो, “पकडलाय ना?”

हे किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. जानेवारी २०२३मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात जेवण पोचवायला गेलेला एक तरुण, ग्राहकाचा जर्मन शेफर्ड अंगावर धावून आला म्हणून पळाला, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि दगावला. दाराबाहेर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा पोटासाठी आलेला असतो. कुत्रा ‘काही करत नाही’ हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही, आणि ते त्याने मानून घ्यावं अशी अपेक्षा करण्याचा हक्कही आपल्याला नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे, कुत्रा भुंकतो एवढ्या कारणावरून सोसायटीला तो पाळायला बंदी करता येत नाही. हे योग्यच आहे. पण बंदी नाही म्हणून पलीकडच्या तान्ह्या बाळाची झोपमोड थांबत नाही. सोसायटीत कुत्र्याची जागा राखली गेली. त्या जागेत कसं वागायचं हे त्याला शिकवण्याचं काम मात्र पाळणाऱ्याचंच राहतं.

ते शिकवायचं कसं, याची आपल्याकडची उत्तरं ठरलेली आहेत. ओरडायचं, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारायची, पाहुणे येणार असले की बाथरूममध्ये कोंडायचं. अलीकडे त्यात विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याची भर पडली आहे. तो घरबसल्या मागवता येतो. वेल्समध्ये या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली असे पट्टे वापरणाऱ्या प्रशिक्षकांची तुलना बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांशी केली, तेव्हा पट्ट्याने कुत्री जास्त चांगली शिकतात असं दिसलं नाही. त्याच वर्षी पोर्तुगालमधल्या एका अभ्यासात, शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा अधिक आढळल्या. दाराच्या बाबतीत तर झटक्याचा धोका सरळ समजण्यासारखा आहे. बेल वाजली, अनोळखी माणूस दिसला आणि मानेला कळ आली, हे पुन्हा पुन्हा घडलं की कुत्रा त्या कळेचा संबंध त्या माणसाशी जोडू शकतो. आज नुसता भुंकणारा कुत्रा उद्या न भुंकता चावला, तर त्यात कुत्र्याचा दोष किती?

या सगळ्याच्या अगदी उलट टोकाला एक साधं यंत्र आहे. मिक्सरच्या भांड्याहून जरा मोठी प्लास्टिकची पेटी. वरून कोरड्या खाऊचे दाणे भरायचे. आत भोकं असलेली चकती असते. हातातल्या रिमोटचं बटण दाबलं की पेटी ‘बीप’ असा आवाज करते, चकती थोडी फिरते आणि एक-दोन दाणे खालच्या तबकात पडतात. एवढंच. परदेशात प्रशिक्षक ते बरीच वर्षं वापरतात. आपल्याकडे ते मागवावं लागतं आणि काही हजारांना पडतं. घ्यावं का, असं कुत्रा पाळणारे विचारतात, आणि त्याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

या यंत्रामागे सोफिया यिन यांचं काम आहे. त्या कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्य आणि प्राणीवर्तनाच्या अभ्यासक. २०१४ साली त्यांचं अकाली निधन झालं. त्यांनी नेमका हा दाराचाच प्रश्न हाती घेतला. बेल वाजली की कुत्र्याने दारापासून दूर, ठरलेल्या जागी जाऊन आडवं व्हायचं आणि माणूस आत येईपर्यंत तिथेच थांबायचं, हे रिमोटच्या यंत्राने शिकवता येतं का, हे त्यांनी आधी प्रयोगशाळेत आणि मग लोकांच्या घरी तपासलं. घरी शिकवण्याचं काम मालकांनी स्वतः केलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कुत्र्यांचं दाराशी भुंकणं, उड्या मारणं, गर्दी करणं बरंच कमी झाल्याचं दिसलं.

त्या पद्धतीचं मर्म खाऊच्या जागेत आहे. नेहमीच्या पद्धतीत खाऊ माणसाच्या हातात किंवा कमरेच्या पिशवीत असतो, त्यामुळे कुत्र्याचं सारं लक्ष त्या हाताकडे. गादीवर बसवून तुम्ही दाराकडे निघालात की खाऊही दाराकडे निघतो, आणि कुत्रा खाऊमागे येतो. तुम्ही त्याला बसायला सांगता, पण तुमचं चालणं त्याला उठायला सांगतं. यंत्रात खाऊ कोपऱ्यातच राहतो. माणूस दाराकडे गेला तरी चांगली गोष्ट घडण्याची जागा बदलत नाही. हळूहळू कुत्र्याला उमगतं की बेल वाजली की दारापाशी काही मिळत नाही, कोपऱ्यात मिळतं. ‘भुंकू नको’ हे कुत्र्याला शिकवणं अवघड असतं, कारण काय करू नको हे सांगून काय करायचं ते कळत नाही. ‘गादीवर आडवा हो’ हे शिकवणं सोपं, आणि गादीवर आडवा पडलेला कुत्रा त्याच वेळी दारावर झेप घेऊ शकत नाही.

पुण्यात एका ओळखीच्या घरी हे शिकवणं मी जवळून पाहिलं. रस्त्यावरून आणलेली भुऱ्या रंगाची देशी कुत्री, दिवाणखान्याच्या दारासमोरच्या टोकाला घडी करून टाकलेली जुनी गोधडी, गोधडीच्या कडेला यंत्र. शिकवणाऱ्या त्या घरच्या ताईंनी खऱ्या बेलपासून सुरुवात केली नाही. आधी यंत्राची ओळख: बीप, दाणा, बीप, दाणा. मग कुत्री गोधडीवर आडवी झाली की बीप. मग आडवी राहिली की, दोन दाण्यांमधलं अंतर हळूहळू वाढवत. मग ताई उठून उभ्या राहतात, एक पाऊल टाकतात, दाराच्या कडीला हात लावून परत येतात. प्रत्येक पायरीला कुत्री पडून राहिली तरच दाणा. बेलचा आवाज आला तो फोनवर ध्वनिमुद्रित करून, अगदी बारीक. तो वाजला तशी कुत्रीचे कान दाराकडे वळले, पुढच्या पायांत ताण आला, छाती गोधडीवरून किंचित उचलली गेली. ताईंनी बटण दाबलं ते त्या क्षणी, तोंडातून आवाज फुटायच्या आत. बीप ऐकून मान तबकाकडे वळली, पाय सैल पडले. अर्ध्या सेकंदाने उशीर झाला असता तर तोच दाणा भुंकण्याच्या पदरात पडला असता.

त्या दिवशी यंत्राने केलेलं काम म्हणजे चकती फिरवणं. कुत्रीच्या छातीतला तो ताण ताईंनी ओळखला होता, आणि ओळखता आला कारण त्या तिच्याकडे बघत होत्या. माझं मत इथूनच बनलं आहे. बघणारा माणूस जिथे आहे तिथे हे यंत्र त्याचे हात लांब करतं. बघणारा नसेल तिथे ते भलतंच काहीतरी शिकवून जातं, आणि काय शिकवलं ते कळायलाही वेळ लागतो.

यंत्राने वेळीअवेळी दिलेला खाऊ काय करतो हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने खाणं मिळत होतं, ती काय करत आहेत याचा काहीही विचार न करता. कबुतरांनी आपापले विधी तयार केले. एक स्वतःभोवती गोल फिरू लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. खाणं आलं तेव्हा योगायोगाने जे चाललं होतं तेच पक्कं झालं. यंत्राला हेतू कळत नाही. दाणा पडायच्या आधी जे घडलं, त्याला तो चिकटतो.

म्हणून फोनवरून चालणाऱ्या यंत्रांची जात मी वेगळी मानतो, जरी दुकानात ती शेजारी शेजारी ठेवलेली असली तरी. कॅमेरा आणि खाऊ फेकणारी पेटी एकत्र असलेली ही उपकरणं गेल्या दहा-बारा वर्षांत पसरली. कुत्रा घरी एकटा, मालक ऑफिसात. कुत्रा भुंकला की फोनवर सूचना येते. मालक मीटिंगमधून हळूच फोन उघडतो, कॅमेऱ्यात बघतो, दोन प्रेमाचे शब्द बोलतो आणि खाऊ फेकतो. कुत्रा खायला थांबतो, म्हणजे गप्प होतो. मालकाला हायसं वाटतं. पण आपण भुंकलो आणि आकाशातून खाऊ पडला, ही गोष्ट कुत्र्याने नोंदवलेली असते. उद्या तो जरा लवकर भुंकेल. त्यात इंटरनेटमुळे होणारा उशीर असतोच. बटण दाबल्यापासून दाणा पडेपर्यंत कुत्रा गप्प झाला की उठून दाराशी गेला, हे सांगता येत नाही. शांतता विकत घ्यायला निघालेला मालक रोज थोडं थोडं भुंकणं विकत घेतो. हा मालकाच्या प्रेमाचा दोष नाही. भुंकल्यावरच हाक मारणारं उपकरण कुणीही वापरलं तरी हेच होण्याचा संभव आहे.

ते उलटं करता येतं का? येतं, निदान काही कुत्र्यांच्या बाबतीत. अलेक्झांड्रा प्रोटोपोपोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली नेमकं हेच तपासलं. एकटं असताना भुंकणाऱ्या कुत्र्यांना दुरून खाऊ द्यायचा, पण भुंकण्याला नाही. ठरावीक काळ न भुंकता गेला तरच. पाच कुत्री होती. तिघांचं भुंकणं कमी झालं. पुढच्या टप्प्यात शांत राहण्याचा काळ हळूहळू वाढवून खाऊ विरळ करत नेणंही जमलं. भुंकण्यावर झटका देणाऱ्या पट्ट्याला दयेचा पर्याय शोधणारं हे काम आहे आणि मला ते मोलाचं वाटतं. पण पाचांतले दोघे तसेच राहिले, हेही त्याच अभ्यासात लिहिलेलं आहे, आणि खोक्यावर छापलेल्या जाहिरातीत ते कधी दिसायचं नाही.

एकटं राहण्याची खरोखर धास्ती घेतलेला कुत्रा हा आणखी वेगळा. मालक गेल्यावर तो दार ओरबाडतो, लाळ गाळतो, फेऱ्या घालतो, आणि बहुधा खाऊला तोंडही लावत नाही. फेकलेला दाणा संध्याकाळपर्यंत फरशीवर तसाच पडून असेल, तर तो मालकाने नीट वाचावा. कुत्रा हट्टी नाही, चवीचा चोखंदळ नाही. तो इतका घाबरलेला आहे की त्याला खाता येत नाही. त्याच्यापुढे चार दाणे जास्त टाकून काही साधत नाही. पशुवैद्यांना दाखवणं, गरज असल्यास औषध, आणि दोन मिनिटांपासून सुरुवात करून एकटं राहण्याची सवय हळूहळू वाढवणं, हा तिथला रस्ता. कॅमेरा उपयोगी पडला तो हे दाखवण्यापुरता.

आणखी एक हरकत घरातली वडीलधारी माणसं घेतात, आणि मला ती तांत्रिक हरकतींपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. कुत्रा माणसाचं ऐकण्याऐवजी डब्याचं ऐकू लागला तर? आपल्या हातून खाणं, आपल्या पायाशी बसणं, हाच तर कुत्रा पाळण्यातला आनंद. तो पेटीला का द्यायचा? याला ‘जुने विचार’ म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने, एमआरआयच्या यंत्रात न हलता थांबायला शिकवलेल्या जाग्या कुत्र्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. १५ पैकी १३ कुत्र्यांमध्ये मालकाच्या कौतुकाला मेंदूने दिलेला प्रतिसाद खाऊएवढा किंवा त्याहून जास्त होता. वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पण नाण्याची दुसरी बाजूही मोजलेली आहे. एरिका फ्यूअरबॅकर आणि क्लाइव्ह विन यांनी कुत्र्यांना खाऊ आणि अंगावरून हात फिरवणं यांत निवड करू दिली, तेव्हा बहुतेकांनी खाऊ निवडला. त्यांच्याच आणखी एका अभ्यासात नुसत्या तोंडी कौतुकापेक्षा कुरवाळणं कुत्र्यांना जास्त हवंसं वाटलं. म्हणजे ‘शाब्बास, शाब्बास’ एवढ्यावर नवी आणि अवघड गोष्ट शिकवायला निघालं तर काम लांबतं. कुत्र्याला आपण आवडतो की खाऊ, असा हा प्रश्न मांडायलाच नको. बेल वाजल्यावर पडून राहणं त्याच्यासाठी कठीण काम आहे. ते शिकेपर्यंत खाऊ यंत्रातून द्यावा. पाहुणा आत येऊन बसल्यावर कुत्र्याला मोकळं करून जवळ घ्यावं, कुरवाळावं. तो हात यंत्राला नाही. आणि दिवसाचं मुख्य जेवण माणसाच्याच हातून, नेहमीच्या ताटलीत. जिथे सगळं खाणं पेटीतून पडतं आणि माणूस फोनमध्ये असतो, तिथे वडीलधाऱ्यांची भीती खरी ठरते, आणि तिथे मी त्यांच्या बाजूने आहे.

खाऊ म्हटला की वजन आलं. पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम असा की वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या एक दशांशाच्या आत असावा. लॅब्रॅडॉर हा आपल्याकडे घरोघरी असलेला कुत्रा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की जवळजवळ पाव लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा भाग गळालेला असतो, त्यांना भूक जास्त लागते आणि वजनही जास्त असतं. त्यांच्यापुढे बटण दाबलं की खाऊ देणारी पेटी ठेवायची तर हात आवरायलाच हवा. लॅब्रॅडॉरांवरच केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, तुलनेसाठी जोडी लावलेल्या कुत्र्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं मिळालेली कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली. उपाय घरगुती आहे. सकाळच्या जेवणाचे दाणे वाटीने मोजायचे आणि त्यातलेच काही यंत्रात घालायचे. यंत्र रिकामं झालं की त्या दिवसाचा धडा संपला. ग्लुकोज बिस्किटाचे तुकडे, मनुका असलं काही त्यात जाता कामा नये. मनुका कुत्र्याला विषारी ठरू शकतात हे अजूनही पुष्कळ घरांत माहीत नसतं.

आपल्याकडची एक अडचण परदेशी पुस्तकांत सापडत नाही. ही यंत्रं कोरड्या, एकसारख्या दाण्यांसाठी बनवलेली आहेत. पण दूध-चपाती, भात, उकडलेलं चिकन यांवर वाढलेल्या देशी कुत्र्याला बाजारातले दाणे म्हणजे बक्षीस वाटतच नाही. तो हुंगतो आणि तोंड फिरवतो. पनीर किंवा ओलं चिकन यंत्रात भरलं तर चकती अडकते. सुकवलेल्या चिकनचे चण्याएवढे तुकडे चालतात, तेही सगळे एका मापाचे असले तर. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने दाणे दोन दिवसांत सादळतात, एकमेकांना चिकटतात, आणि तबकाला मुंग्या लागतात त्या निराळ्याच. बटण दाबलं, बीप झाली आणि दाणा पडलाच नाही, असं चारदा घडलं की बीपवरचा कुत्र्याचा विश्वास उडतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. काही भित्र्या कुत्र्यांना मोटरच्या घरघरीचीच धास्ती वाटते. त्यांच्यासाठी यंत्र पलीकडच्या खोलीत ठेवून, दिवसादिवसाने जवळ आणावं लागतं.

कुत्रा भुंकतो तो आनंदाने, राखणीच्या वृत्तीने की भीतीने, हेही पाहायला हवं. भीतीने भुंकणाऱ्याला ‘खाऊ देऊन भीती वाढेल’ असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. श्टेफानी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली, तेव्हा आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ देणं हा सर्वांत गुणकारी उपायांपैकी एक ठरला. भीती ही भावना आहे. कुत्रा काही मिळवण्यासाठी घाबरत नाही. मात्र इथे नियम बदलतो. घाबरलेल्या कुत्र्याकडून आधी आडवं होण्याची अपेक्षा ठेवू नये. आवाज झाला की दाणा, तो काहीही करत असला तरी. कोणत्या कुत्र्याला कोणता नियम लावायचा हे ठरवायला पुन्हा बघणारं माणूसच लागतं.

राखणीच्या कुत्र्याच्या बाबतीत एक मर्यादा मान्य करायला हवी. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी खाऊच्या बळावर कितीतरी जातींच्या प्राण्यांना शिकवलं, आणि १९६१ साली स्वतःच लिहिलं की शिकवलेलं वागणं पुष्कळदा जन्मजात ओढीकडे घसरतं. पेटीत नाणी टाकायला शिकवलेला रॅकून नाणी सोडेचना, हातांत धरून चोळत बसला. पिढ्यानपिढ्या राखणीसाठी जोपासलेला कुत्रा बेलला एकदा ‘भौ’ करणारच. तो एकदाच भुंकून गोधडीवर गेला, तर त्यावर समाधान मानावं.

मग यंत्र घ्यावं कुणी? घरात दोन मोठी माणसं असतील तर बहुधा गरज नाही. एकाने दाराशी जायचं, दुसऱ्याने गोधडीपाशी झाकणाचा डबा घेऊन बसायचं आणि योग्य क्षणी दाणा गोधडीवर टाकायचा. खाऊ कोपऱ्यातच राहतो, मर्म तेच, खर्च शून्य, आणि उकडलेलं चिकनही चालतं. एकट्याने राहणाऱ्याला, गुडघे धरलेल्या आजी-आजोबांना, मूल कडेवर असलेल्या आईला मात्र एकाच वेळी दाराशी आणि गोधडीपाशी असता येत नाही. त्यांच्यासाठी हे यंत्र पैसे वसूल करून देतं. हात जवळ नेला की चावायला येणाऱ्या कुत्र्याबरोबर काम करणाऱ्या प्रशिक्षकालाही ते सुरक्षित अंतर देतं. प्राण्यांच्या निवाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. दिवसातले दहा तास एकट्या राहणाऱ्या कुत्र्याच्या जिवाला सोबत म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका. त्याच पैशात दुपारी येऊन तासभर फिरवून आणणारा माणूस ठेवता येईल.

या यंत्राचं काम काही आठवड्यांचं असतं. शिकवणं पक्कं झालं की दाण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं, मग कधी दाणा, कधी नुसती शाबासकी, आणि शेवटी यंत्र उचलून कपाटात. म्हणजे प्रत्येक घराने ते विकत घेण्यात अर्थ नाही. पन्नास-शंभर घरांच्या सोसायटीत पाच-सहा कुत्री असतात आणि त्यांच्यावरून दर सभेत वाद होतात. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून एक यंत्र घ्यावं, ते ऑफिसात ठेवावं आणि पाळीपाळीने महिनाभर वापरायला द्यावं, असं मला मनापासून वाटतं. सोसायटीच्या पैशातून कुत्र्यांचे लाड कशाला, असं कुणी विचारेल. त्यांना सांगावं की यात पहिला फायदा ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांचा आहे, आणि त्यांच्याहूनही आधी जिने चढून येणाऱ्या मावशींचा आणि कुरिअरवाल्याचा. सरावासाठी बेल वाजवायला शेजाऱ्यांनीच यावं. बाहेरून कुणीतरी लागतंच, आणि ज्याची तक्रार आहे त्याचा आवाज कुत्र्याच्या ओळखीचा होणं दोघांच्याही हिताचं. आलेल्याने कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, त्याच्याशी बोलू नये, बेल वाजवून दोन मिनिटं दाराशी शांत उभं राहावं, एवढंच त्याचं काम. आणि पुढच्या घरी देताना पेटीतले उरलेले दाणे काढून तबक धुवावं, चकती नीट वाळवावी. पावसाळ्यात तर पंख्याखाली रात्रभर ठेवूनच द्यावं.